पाण्याचा कस

दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पाने परस्परांच्या हाती देताना आपण त्यांना सोने म्हणतो आणि घेणाराही ती हसतमुखाने घेतो. खरे सोने मात्र इतक्या विश्वासाने कोणी स्वीकारीत नाही. सराफ कसोटीचा काळा दगड पुढे ओढतो, दागिन्याची रेघ त्यावर उमटवितो, तिला आम्लाचा थेंब लावतो आणि मगच भाव सांगतो. समोरच्या गिऱ्हाइकाला त्यात अपमान वाटत नाही. पाण्याचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. कोणाच्याही दारी तांब्याभर पाणी मिळाले, की आपण ते कस न लावता पितो. किंबहुना पाणी हुंगून पाहणारा पाहुणा आपल्याकडे असंस्कृत समजला जाईल.

सोन्याच्या खाणीच्या परिसरात हे दोन्ही व्यवहार एकाच जमिनीत, एकमेकांना खेटून चालतात. एका कुंपणाच्या आत सोन्याचा कस रोज लागतो. कुंपणाबाहेर, हाकेच्या अंतरावर, घागरी भरल्या जातात. त्या घागरीतल्या पाण्याची पातळी आणि गुणवत्ता तपासण्याचे काम ज्याने पत्करले, त्याच्यावर नेमके कोणते ऋण असते? आकडा नोंदवहीत उतरला, की ते फिटते काय? राज्य सरकारच्या सेवेत आमची तीस-बत्तीस वर्षे भूजलाच्या मोजणीशी निगडित कामात गेली. हा प्रश्न मात्र आम्हांस खऱ्या अर्थाने निवृत्तीनंतरच पडला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

ज्या मुलखाच्या निमित्ताने हे लिहीत आहोत, तो कृष्णा आणि तुंगभद्रा यांमधला रायचूरचा दुआब व त्याच्या उत्तरेचा सुरपूरचा भाग. पूर्वी हा निजामाच्या राज्याचा प्रदेश होता. लिंगसुगूर तालुक्यातील हट्टी येथे सोन्याची खाण आहे आणि आज देशात खाणीतून निघणाऱ्या सोन्याचा बहुतांश भाग तिचाच असतो. प्राचीन काळीही येथे माणसाने दगड फोडून सोने काढले, याच्या खुणा जमिनीत सापडल्या आहेत. याच टापूतील मस्की येथे १९१५ साली सम्राट अशोकाचा शिलालेख प्रकाशात आला. त्यात ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष कोरलेले असल्याने इतिहासात त्याला फार महत्त्व आहे. तो शोधणारा बीडन नावाचा गृहस्थ सोन्याच्या शोधात हिंडणारा खाण-अभियंता होता. सोने हुडकणाऱ्या माणसाच्या हाती असा राजा लागावा, की ज्याने इतरत्रच्या लेखांत वाटसरूंसाठी विहिरी खोदविल्याचे आवर्जून नोंदविले आहे, हा योगायोग आम्हांस नेहमीच विचार करावयास लावतो.

आता सोने निघते कसे ते थोडक्यात पाहू. एक टन दगडात चार ग्रॅम सोने असेल, तर ती खाण चालविण्याजोगी मानता येते. म्हणजे एका तोळ्यामागे सुमारे तीन टन दगड खणावा, दळावा आणि टाकून द्यावा लागतो. दळलेल्या पिठातून सोने विरघळवून घेण्यासाठी सायनाइड वापरतात. ग्लासगो येथे १८८७ साली ही रीत शोधली गेली आणि जगभर रूढ झाली. सोने काढून घेतल्यावर उरलेला टाकाऊ गाळ बांध घालून साठवितात. सायनाइड जहाल खरे, तथापि उघड्यावर ऊन-वारा लागला की त्याचे बरेचसे विघटन होते. त्याच्याहून चिवट शत्रू दुसराच असतो. सोन्याबरोबर त्याच शिरांमध्ये अनेकदा आर्सेनोपायराइट नावाचे खनिज आढळते. त्यात लोह आणि गंधकाबरोबर आर्सेनिक असते. आपल्या आजीच्या बटव्यातल्या भाषेत बोलावयाचे, तर सोमलाचे हे मूळ. खोल खडकात ते शतकानुशतके निपचित पडून असते. दगड दळला, त्याला हवा-पाणी लागले, की ते सुटते. आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. ते फक्त जागा बदलते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ज्या जिभेवर आपण पाणी गोडे की मचूळ हे ठरवितो, ती जीभ येथे निरुपयोगी ठरते. हेही सांगितले पाहिजे, की अशा खडकातून आर्सेनिक पाण्यात आपोआपही उतरू शकते. प्रत्येक दोष खाणीच्याच माथी मारणे शास्त्राला धरून नाही. म्हणूनच मोजणीची गरज अधिक.

मोजणीचे दोन भाग असतात. पहिला पातळीचा. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासावयाचा, काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून तो विहिरीत सोडावयाचा आणि खडू जेथवर भिजला तेथवरचा आकडा वजा करून पाणी किती खोल आहे हे काढावयाचे. पुढे विजेवर चालणारी साधने आली, स्वयंचलित नोंदयंत्रे आली. परंतु खुणेपासून मोजण्याचे तत्त्व तेच राहिले. भारतात निरीक्षण विहिरींची अशी मोजणी साधारणतः वर्षातून चार वेळा होते : जानेवारीत, उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. खाणीच्या भोवती पातळीला विशेष अर्थ असतो. खाण कोरडी ठेवण्यासाठी पंप अहोरात्र पाणी उपसतात, तेव्हा आजूबाजूच्या विहिरींचे पाणी खाणीकडे ओढले जाऊ शकते. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यास एक विहीर पुरत नाही. किमान तीन विहिरींच्या पातळ्या समुद्रसपाटीच्या संदर्भात ताडून पाहाव्या लागतात. आणि त्या दिशेवरूनच, दोष आलाच तर तो कोणाच्या अंगणात प्रथम जाईल, हे सांगता येते.

दुसरा भाग गुणवत्तेचा. बोअरमध्ये साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकावयाचे, मगच नमुना घ्यावयाचा. धातूंच्या तपासणीसाठी नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालावयाचे. सायनाइडसाठी उलट अल्कली घालून बाटली अंधारात, थंड ठेवावयाची. एक नमुना गाळाच्या साठ्याच्या वरच्या अंगाचा, बाकीचे खालच्या अंगाचे, म्हणजे मूळचे काय आणि मागाहून आलेले काय, याची तुलना होते. त्यातही दक्षिणेचा हा कठीण खडक. पाणी त्यात वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे पाझरत नाही, भेगांतून धावते. त्यामुळे शेजारची विहीर निर्मळ आणि चार शेते पलीकडची दूषित, असे सहज घडू शकते. एका बाटलीवरून गावाला अभय देणे, हे म्हणून, धाडसाचे ठरते.

येथे प्रमाणांची तुलना उद्‌बोधक आहे. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम धरतात. म्हणजे एक टन पाण्यात १० मिलिग्रॅम. टनभर दगडातले चार ग्रॅम सोने याच्या चारशे पट भरते. तेवढे सोने चुकू नये म्हणून खाणीत रोज तपासणी चालते, कारण ते चुकले तर कोणाचे तरी नुकसान ताळेबंदात दिसते. चारशे पटींनी सूक्ष्म असलेली दुसरी वस्तू मोजण्यास अधिक चांगली उपकरणे आणि अधिक सावध माणसे हवीत; ती मात्र वर्षाकाठी एखादे वेळी येतात. मोजमापाचे शास्त्र तटस्थ असेल, परंतु काय मोजावयाचे याची निवड तटस्थ नसते. ज्याच्या हानीला हिशेब आहे, त्याचे मोजमाप आधी होते.

असे लिहिताना दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. म्हणून आमचीच एक गोष्ट सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षे होती. आमच्याकडे चाळीसएक विहिरींची फेरी असे. ते गाव सोन्याच्या पट्ट्यातले नव्हते. साधे कोरडवाहू गाव, बैलगाडीच्या वाटेच्या शेवटी. एका उन्हाळ्यात जीप नादुरुस्त झाली, तक्ता पाठविण्याची तारीख जवळ आली आणि त्या एका विहिरीचा रकाना रिकामा राहिला. मागील तीन उन्हाळ्यांचे आकडे समोर होते, अकरा मीटरच्या आसपासचे. आम्ही ११.७० लिहिले. तो आकडा इतका सभ्य दिसत होता, की कोणी शंका घेतली नाही. ऑगस्टमध्ये आम्ही तेथे गेलो तेव्हा विहीर ज्यांच्या शेतात होती त्या आजी बांधावर आल्या आणि कानडीत म्हणाल्या, “तम्मा, वैशाखात तू आला नाहीस. विहीर चैत्रातच आटली होती.” आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांनी विचारले, “आणि गेल्या वर्षी बाटली भरून नेलीस, तिचे काय झाले?”

त्या बाटलीचे काय झाले, हे आम्हांस ठाऊक होते. तिच्यात फ्लोराइड मर्यादेहून अधिक निघाले होते. तो आकडा नोंदवहीत आम्हीच आमच्या हाताने उतरविला होता. गावातल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे आम्ही पाहिले होते. तरीही आजींना आम्ही एवढेच म्हणालो, की अहवाल वर पाठविला आहे. ते खोटे नव्हते. परंतु सत्य सांगण्याचा प्रसंग टाळण्यासाठी खरे वाक्य वापरणे, याला काय म्हणावे? खोटा आकडा लिहिणे आणि खरा आकडा न सांगणे, या दोन अपराधांत अधिक मोठा कोणता, याचा निवाडा आम्ही पुष्कळ वर्षे आमच्याशीच करीत आलो. पहिल्याची लाज अधिक वाटते. दुसऱ्याने हानी अधिक झाली. आणि दुसरा अपराध कोणत्याही नियमाखाली अपराधच नव्हता.

ही हानी सोन्याच्या पट्ट्यात कोणते रूप घेते, ते किरदळ्ळी तांड्याने दाखविले. आजच्या यादगीर जिल्ह्यातील सुरपूरच्या बाजूला मंगळूर नावाचे गाव आहे. समुद्रकाठचे मंगळूर ते हे नव्हे. तेथेही सोन्याची जुनी खाण होती. तिच्या परिसरातील या लमाणी वस्तीचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बोअरच्या पाण्याच्या ५९ नमुन्यांपैकी ७९ टक्के नमुन्यांत आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमहून अधिक होते; सर्वाधिक आकडा ३०३ होता. वरच्या मातीच्या बारा नमुन्यांपैकी सहांत ते किलोमागे २,००० मिलिग्रॅमहून जास्त आढळले आणि खाणीच्या टाकाऊ गाळाचा तो परिणाम असावा, अशी शक्यता संशोधकांनी नोंदविली. तपासलेल्या १८१ माणसांपैकी ५८.६ टक्के जणांच्या त्वचेवर आर्सेनिकच्या खुणा होत्या. अशा खुणा एका दिवसात उमटत नाहीत. त्यामागे वर्षानुवर्षे प्यालेले पाणी असते. म्हणजे पाण्याने आपली नोंद ठेवली होती. ती कागदावर नव्हती, तळहातांवर आणि तळपायांवर होती.

त्याआधी हे कोणास का कळले नाही? आर्सेनिक म्हणजे गंगेच्या गाळाच्या मुलखाचा, बंगालचा रोग, अशी समजूत पक्की होती. दख्खनच्या कठीण खडकात ते शोधावे, असे कोणाच्या मनात सहसा येत नसे. खनिजशास्त्राच्या पुस्तकात सोने आणि आर्सेनोपायराइट एकाच पानावर होते. पाण्याच्या तपासणीच्या तक्त्यात मात्र आर्सेनिकचा रकाना नसे. जेथे रकानाच नाही, तेथे ‘आढळले नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांतला भेद पुसला जातो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे उलटे झाले : आडात होते, पण आपला पोहराच ते उचलणारा नव्हता.

जे मोजले नाही, त्याचे उत्तरदायित्व मोजणाऱ्यावर येते काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. तो इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे जाऊन आला आहे. ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९९२ साली बांगलादेशातील काही भागांच्या भूजलाचा अभ्यास केला. अनेक घटक तपासले; आर्सेनिक तपासले नाही. पुढे तेथील एका रहिवाशाने दावा लावला, की या अहवालामुळे पाणी निर्धोक असल्याचा समज झाला आणि आम्ही विष पीत राहिलो. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो दावा फेटाळला. भूशास्त्रज्ञांचा त्या पाणीपुरवठ्यावर ताबा नव्हता. ज्या हेतूने अहवाल केला तो हेतूही निराळा होता. सबब दावेदाराप्रती कायदेशीर कर्तव्य निर्माण होत नाही, असा त्याचा आशय.

कायदा म्हणून हा निर्णय आम्हांस समजतो. जे जे तपासले नाही त्या प्रत्येकाचे दायित्व अंगावर येणार असेल, तर कोणी काहीच तपासणार नाही. जगातील सर्व द्रव्ये एका बाटलीत मोजता येत नाहीत. परंतु न्यायालयाची रेषा आणि नीतीची रेषा एकच नसते. सर्व काही मोजण्याचे कर्तव्य कोणावर घालता येत नसले, तरी काय मोजले नाही हे सांगण्याचे कर्तव्य घालता येते, आणि त्यास कपर्दिकही खर्च येत नाही. ‘पाणी चांगले आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘या सात गोष्टी पाहिल्या, त्या ठीक आहेत, बाकीच्या पाहिल्या नाहीत’ असे वाक्य अहवालाच्या पहिल्या ओळीत यावे, एवढीच ही मागणी. सोन्याच्या शिरांजवळचे पाणी तपासताना तर सोन्याचे सोबती कोण, हे विचारण्यापुरते शास्त्र प्रत्येक मोजणाऱ्यास अवगत असतेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दुसरे पाणी देणे आपल्या हाती नसताना, तुमचे पाणी वाईट आहे असे सांगून काय साधते? गावात घबराट होईल, मुलींची लग्ने अडतील, जमिनीचे भाव पडतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. हा युक्तिवाद आम्ही केवळ साहेबांच्या तोंडून नव्हे, गावातल्या जाणत्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे आणि आम्ही स्वतःही मनाशी केला आहे. आजींना उत्तर न देताना नेमका हाच विचार आमच्या मनात होता.

पुढे बांगलादेशात जे घडले त्याने या युक्तिवादाला उत्तर दिले, असे आम्हांस वाटते. तेथे लक्षावधी बोअर तपासले गेले आणि पंपांवर रंग लावले गेले : पाणी वाईट असेल तर लाल, चांगले असेल तर हिरवा. ज्यांच्या दारी लाल पंप आला, त्यांतील सर्वांना सरकारने नवे पाणी दिले असे नव्हे. तरीही अनेक कुटुंबांनी शेजारच्या हिरव्या पंपाची वाट धरली. कठीण काळातही माणसास थोडी निवड उरलेली असते : पिण्यापुरती एक घागर दुरून आणावी, धुण्याला जवळचे वापरावे, लहान मुलाला आधी चांगले पाणी द्यावे. ही निवड आपण त्याच्या वतीने मिटवून टाकतो, तेव्हा त्यास दुःखापासून वाचवीत नाही. त्याचा निर्णय चोरतो. ज्या झाकल्या मुठीत दुसऱ्याचे आयुष्य आहे, ती झाकण्याचा अधिकार आपला नसतो.

आणखी एक गोष्ट काळाची. कोलारची सोन्याची खाण सुमारे १२० वर्षे चालली, तीन किलोमीटरहून खोल गेली, सुमारे ८०० टन सोने देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. पंप थांबले, बोगद्यांत पाणी चढले. दळलेल्या दगडाचे तीन कोटी टनांहून मोठे ढिगारे गावाशेजारी राहिले. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात आणि उन्हाळी वाऱ्यात त्यांची धूळ घरांत येते. खाण बंद करण्याचा आराखडा आधीच सादर करावा, हा नियम आपल्याकडे २००३ साली आला, म्हणजे या खाणीला तो उशीरच झाला. सोने निघेपर्यंत मोजणाऱ्याला पगार असतो. ते संपले की खाणीचा खर्चाचा खाता मिटतो. ढिगाऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा खाता मात्र तेव्हाच उघडतो. त्या पाण्याला खाण बंद झाल्याचे कोणी कळविलेले नसते. म्हणून आमच्या मते मोजणीचे ऋण सोन्याच्या आयुष्याशी नव्हे, ढिगाऱ्याच्या आयुष्याशी बांधलेले असावे आणि त्याची तरतूद सोने निघत असतानाच, त्याच सोन्यातून, बाजूला काढलेली असावी. दागिना अंगावर वागविणाऱ्या आपणा सर्वांचा त्यात वाटा आहे. आमच्या घरातील दागिन्यांमागे किती टन दगड दळला गेला, याचा हिशेब आम्ही एकदा मांडला होता. तो पुरा करण्याचे धैर्य झाले नाही.

निवृत्त माणसाच्या हाती फारसे काही नसते. बेळगावातील आमच्या घरामागे जुनी विहीर आहे. तिचा काठ चार घरे वापरतात. वर्षातून चार वेळा आम्ही खडू फासलेला टेप तीत सोडतो, वर्षातून एकदा पाणी तपासून आणतो आणि आलेले आकडे आतल्या वहीत न ठेवता काठालगतच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहितो. खाली आणखी एक ओळ असते : ‘काय तपासले नाही.’ ती यादी लांब आहे. पहिल्या वर्षी शेजारच्या एक वहिनी ती वाचून म्हणाल्या, “भाऊजी, हे वाचून पाणी प्यायची भीतीच वाटते.” आम्ही म्हणालो, “पुढच्या वेळी यातली एक गोष्ट तपासून आणू; कोणती, ते तुम्ही सांगा.” त्यांनी बोट ठेवले, आणि त्या वर्षी आम्ही तीच तपासून आणली.

त्या कोरडवाहू गावच्या विहिरीपुढे लिहिलेले ११.७० मात्र सरकारी नोंदीत अद्याप तसेच आहे. तो आकडा दुरुस्त करावा म्हणून आम्ही या वर्षी अर्ज केला आहे. उत्तर यावयाचे आहे.